कोणासाठी कोणते बेट? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उष्ण कटिबंधातील बेटांवरच्या रिसॉर्टविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांत एक गोष्ट वारंवार आढळली. बहुतेकांनी रिसॉर्ट आधी पसंत करून ठेवले होते आणि ते आपल्या मंडळींना मानवेल का, हे मागाहून विचारले होते. हा क्रम उलटा करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोबत येणाऱ्यांपैकी ज्याची गैरसोय सर्वांत आधी होईल, त्याचा तिथला एक दिवस, विमानतळावर उतरल्यापासून रात्री अंथरुणावर पाठ टेकेपर्यंत, डोळ्यांसमोर आणावा आणि मग बेट शोधायला बसावे. पुढील उत्तरे त्याच रीतीने दिली आहेत.

प्रश्न : लग्नानंतर आम्ही दोघे जुलैमध्ये पाच रात्रींसाठी मालदीवला जाणार आहोत. वॉटर व्हिला, म्हणजे पाण्यात खांबांवर उभारलेली खोली हवी, एवढे पक्के आहे. परंतु कितीही छायाचित्रे पाहिली तरी एका रिसॉर्टमध्ये आणि दुसऱ्यात फरक कळत नाही. निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर : मालदीवमध्ये पहिले रिसॉर्ट १९७२ साली सुरू झाले आणि पुढे एका बेटावर एकच रिसॉर्ट ही पद्धत तिथे रुळली. याचा अर्थ असा, की तुम्ही खोली नव्हे, तर पाच दिवसांचे सगळे जगच निवडत आहात. जेवण आवडले नाही म्हणून शेजारच्या रस्त्यावर जाता येत नाही, कारण शेजारी रस्ताच नसतो. म्हणून छायाचित्रे बाजूला ठेवा आणि आधी नकाशा उघडा.

नकाशावर पहिल्यांदा पाहायचे ते मालेजवळच्या वेलाना विमानतळापासूनचे अंतर. जवळच्या बेटांवर स्पीडबोटीने जातात, दूरच्या अटॉलमध्ये, म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेटांच्या समूहांमध्ये, सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, आणि फारच दूर जायचे असेल तर देशांतर्गत विमानाने व पुढे बोटीने. सीप्लेन केवळ दिवसाउजेडी उडते. तुमचे विमान दुपारी साधारण साडेतीन-चारनंतर उतरणार असेल, तर त्या दिवशी सीप्लेन मिळणार नाही, हे गृहीत धरा. मग पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात जाते आणि पैसे मात्र अनेकदा पाचही रात्रींचे भरलेले असतात. शिवाय सीप्लेनमध्ये सामानाची मर्यादा साधारणपणे २० किलो आणि हातातले ५ किलो इतकीच असते. उशिरा पोहोचणाऱ्यांनी स्पीडबोटीच्या टप्प्यातले बेट घ्यावे; ते आकाशातून दिसणारी निळी कंकणे गमावतात हे खरे, पण पाचातली एक संध्याकाळ वाचवतात.

दुसरी पाहायची गोष्ट वाऱ्याची. मालदीवमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे असतात आणि डिसेंबर ते एप्रिल हा तुलनेने कोरडा काळ. जुलैमध्ये बेटाच्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या व्हिलांवर वारा आणि लाटा थेट येतात. सूर्यास्त दिसणारे व्हिला महाग असतात, ते नेमके याच बाजूला. रात्रभर खांबांवर पाणी आपटत राहते, बाहेरच्या खुर्च्या आत घ्याव्या लागतात, आणि शिडी उतरून पाण्यात शिरावे तर प्रवाह पाय खेचतो. जुलैमध्ये पूर्वेकडचा, सूर्योदयाच्या बाजूचा व्हिला बहुधा स्वस्तही पडतो आणि शांतही असतो. मी तुमच्या जागी असतो, तर तोच घेतला असता.

तिसरी गोष्ट म्हणजे व्हिलाखालचे पाणी. काही बेटांना विस्तीर्ण, कमरेएवढे उथळ लगून, म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतले संथ पाणी, असते. ते छायाचित्रात फिकट निळे आणि फार सुंदर दिसते, परंतु तिथे वाळूशिवाय पाहण्यासारखे थोडेच असते. काही बेटांची प्रवाळभिंत, जिला तिथे हाउस रीफ म्हणतात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असते आणि मासे पाहायला बोटीने जावे लागत नाही. दोन्ही चांगले, तुम्हाला यांपैकी काय हवे, हे तुम्हीच ठरवायचे. रिसॉर्टला स्पष्ट विचारा, की भिंतीचा उतार किनाऱ्यापासून किती मीटरवर सुरू होतो आणि प्रवाळाची आजची स्थिती कशी आहे. १९९८ आणि २०१६ या वर्षी समुद्र तापल्याने तिथले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडून मेले, आणि सर्वच ठिकाणी ते सारखे सावरलेले नाहीत.

एक जास्तीची सूचना. पाचही रात्री पाण्यावर काढण्याऐवजी पहिल्या तीन किनाऱ्यावरच्या व्हिलात आणि शेवटच्या दोन पाण्यावर काढाव्यात. दारातून थेट वाळूवर पाऊल टाकण्यात एक वेगळे सुख आहे, आणि वॉटर व्हिलाचे अप्रूपही शेवटी आल्याने टिकते.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावरील एका रिसॉर्टमध्ये राहिलो. छायाचित्रांत दारासमोर समुद्र होता. प्रत्यक्षात दिवसातील अनेक तास पाणीच नव्हते. ही फसवणूक म्हणावी काय?

उत्तर : तुमची निराशा मी समजू शकतो, परंतु छायाचित्र बहुधा खरेच असावे, ते भरतीच्या वेळी काढलेले होते, इतकेच. झांझिबारच्या पूर्वेला किनाऱ्यालगतचा तळ फारच सपाट आहे आणि उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक सुमारे चार मीटरपर्यंत जातो, त्यामुळे ओहोटीला पाणी काही ठिकाणी एक किलोमीटरपर्यंत मागे सरते. उरते ती ओली, घट्ट वाळू, मधूनमधून गुडघाभर पाण्याच्या डबक्यांची आरसेदार रांग, आणि वाळूत रोवलेल्या काठ्यांना दोऱ्यांनी बांधलेले समुद्री शेवाळ. पाजे आणि जांबियानी या गावांतील बायका ओहोटीच्या त्या मोजक्या तासांत वाकून हे पीक काढतात, आणि पाणी परतू लागले की पोती घेऊन किनाऱ्याकडे वळतात. ज्याला चालायला आणि पाहायला आवडते, त्याच्यासाठी तो किनारा फार श्रीमंत आहे. ज्याला मनात येईल तेव्हा पोहायचे आहे, त्याने मात्र बेटाच्या उत्तर टोकाला नुंगवीच्या बाजूला राहावे, कारण तिथे ओहोटीतही पोहण्याइतके पाणी असते.

कोणत्याही बेटाचे बुकिंग करण्याआधी तारखा अमावास्या-पौर्णिमेशी ताडून पाहाव्यात. त्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत दूर हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक कमी होतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हेही लक्षात असू द्यावे. मालदीव किंवा मॉरिशसमध्ये हा हिशेब करण्याची फारशी गरज पडत नाही, कारण तिथे पाण्याची चढ-उतार बरीच कमी आहे.

प्रश्न : आमची मुले तीन आणि आठ वर्षांची आहेत. पाण्यावरच्या खोलीत राहण्याचा मोठ्याचा हट्ट आहे. नेणे योग्य होईल का?

उत्तर : तीन वर्षांचे मूल सोबत असताना मी तरी नेणार नाही. अनेक वॉटर व्हिलांच्या सज्जाला कठडा नसतो, कारण कठड्याने दृश्य अडते. पाण्यात उतरणारी शिडी उघडी असते, आणि सज्जाच्या फळ्या ओल्या असल्या की घसरतात. काही रिसॉर्ट ठरावीक वयाखालील मुलांना तिथे राहूच देत नाहीत, आणि जी देतात ती पालकांकडून जबाबदारीच्या कागदावर सही घेतात. सही केल्याने मूल सुरक्षित होत नाही. रात्री तीन वाजता दाराची कडी उघडण्याचा आवाज आला की काय, म्हणून दचकून उठत राहिलात, तर ती सुट्टी आईवडिलांची राहत नाही. मोठ्याची समजूत घालण्यासाठी एका दुपारी त्याला लाकडी पुलावरून चालत नेऊन खाली पोहणारे मासे आणि छोटे शार्क दाखवा. त्याचे बहुतेक समाधान होईल.

लहान मुलांसाठी मॉरिशससारखे मोठे बेट मला अधिक योग्य वाटते. त्याच्याभोवती जवळपास सर्व बाजूंनी प्रवाळभिंत असल्याने आतले पाणी उथळ आणि शांत राहते, विमानतळावरून रिसॉर्टपर्यंत मोटारीने जाता येते, आणि रात्री ताप चढला तर दवाखान्यात जायला बोटीची वाट पाहावी लागत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये तिथे आग्नेयेकडून जोरदार वारे वाहतात, तेव्हा पूर्व किनारा टाळून पश्चिम किंवा वायव्य किनारा घ्यावा. मुलांच्या क्लबविषयी चौकशी करताना किमान वय विचारायला विसरू नका. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षानंतरच मुलाला पालकांशिवाय ठेवून घेतात, आणि तुमचा धाकटा नेमका त्या सीमेवर आहे. पाण्यात घालायचे पूर्ण बाह्यांचे कपडे नक्की न्यावेत, कारण विषुववृत्ताजवळचे ऊन ढगाळ दिवशीही मुलांची पाठ भाजते.

प्रश्न : आम्हाला ऑक्टोबरातच सुट्टी मिळते. त्या महिन्यात पाऊस नसलेले बेट कोणते?

उत्तर : पाऊस पडणारच नाही, अशी हमी उष्ण कटिबंधात कोणत्याही महिन्यात देता येत नाही, परंतु ऑक्टोबर वाटतो तितका वाईट नाही. सेशेल्समध्ये आग्नेय व्यापारी वारे मंदावलेले असतात आणि वायव्येचे अजून सुरू व्हायचे असतात, त्यामुळे एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन संधिकालांत तिथले पाणी वर्षातील सर्वांत निवळ आणि शांत असते. मॉरिशसमध्ये हिवाळा नुकताच सरलेला असतो आणि नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ अद्याप यायचा असतो. बाली आणि फिजी या दोन्ही ठिकाणी कोरड्या हंगामाचे शेवटचे दिवस असतात.

टाळायचे ते थायलंडच्या अंदमान समुद्राकडील किनारे. फुकेतमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर हे भर पावसाचे महिने असतात. किनाऱ्यावर लाल झेंडे लागलेले असतात आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून पाण्यात उतरणारे पर्यटक दरवर्षी बुडतात. त्याच देशाच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या को समुईचा जोराचा पाऊस नोव्हेंबरात येतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे नशीब आजमावता येईल, त्यानंतर नाही. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत काळ आहे. तिकडेच जायचे असेल तर दक्षिणेकडची अरुबा, बोनेर आणि क्युरासाव ही बेटे पाहावीत, कारण ती वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला येतात.

प्रश्न : आई-वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे. वडिलांचे गुडघे दुखतात, आईला बोट लागते. आम्ही तीन पिढ्यांचे नऊ जण एकत्र जाऊ इच्छितो. छोट्या बेटाचा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : छोट्या बेटाचा विचार सोडायचा की नाही, हे त्या बेटाच्या धक्क्यावर ठरते, म्हणून आधी धक्क्याविषयी सांगतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या आईला एका लहान बेटावर नेले होते. बोट धक्क्याला लागली तेव्हा समुद्र किंचित हलत होता. बोटीची कड एकदा धक्क्याच्या वर यायची आणि पुढच्याच क्षणी वीतभर खाली जायची. दोन खलाशी हात पुढे करून उभे होते, मागून मी आधार देत होतो, आणि तरीही नेमक्या कोणत्या क्षणी पाऊल टाकायचे हे तिला उमगेना. ती उतरली, पण नंतरचे चार दिवस तिच्या मनात परतीची ती एक पायरीच होती. रिसॉर्ट उत्तम होते. चूक माझी होती, मी हे विचारलेच नव्हते.

तेव्हा तुम्ही चार गोष्टी लेखी विचाराव्यात. धक्का तरंगता आहे का, कारण तरंगता धक्का बोटीबरोबरच वरखाली होतो आणि मधली फट वाढत नाही. सीप्लेनने जायचे असेल तर किती अरुंद पायऱ्या चढाव्या लागतील. त्या विमानाचे दार लहान असते आणि आत वाकून चालावे लागते. खोलीपासून भोजनगृहापर्यंतची वाट वाळूची आहे की पक्की, आणि बॅटरीवरची गाडी हवी तेव्हा मिळते की ठरावीक वेळीच. न्हाणीघरात टबावर चढून अंघोळ करावी लागते, की सपाट जागेवर बसून करता येते. गुडघेदुखीच्या माणसाचा दिवस या चार जागी अडतो, आणि या चारही जागा माहितीपत्रकात कधी दिसत नाहीत.

डोंगरउतारावरील रिसॉर्टपासून दूर राहा. सेशेल्समधील माहे किंवा को समुई या ग्रॅनाइटच्या बेटांवर उंचावरच्या व्हिलांतून समुद्र अप्रतिम दिसतो, परंतु नाश्त्यासाठी शंभर पायऱ्या उतरायच्या आणि तितक्याच चढायच्या, असे तिथे घडू शकते. आईला बोट लागते, तेव्हा शेवटचा टप्पा मोटारीचा असलेली जागाच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मॉरिशसमध्ये उत्तरेकडच्या ग्राँ बेपर्यंत विमानतळावरून साधारण तासा-सव्वा तासाचा रस्ता आहे. बालीतील सानूर आणि नुसा दुआ हे किनारेही प्रवाळभिंतीमुळे शांत आहेत, आणि सानूरला समुद्रालगत लांबच लांब सपाट पायवाट आहे. पहाटे त्या वाटेवर वडील आपल्या चालीने फिरतील, आणि थकले तर बसायला जागाही मिळेल.

नऊ जणांसाठी तीन वेगळ्या खोल्यांऐवजी एकमेकांत दारे उघडणाऱ्या खोल्या, किंवा सामाईक अंगण असलेला मोठा व्हिला घ्यावा, आणि आई-वडिलांची खोली तळमजल्यावर असावी. बेटावर डॉक्टर निवासी आहे की बोलावल्यावर येतो, आणि जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे विचारण्यात संकोच करू नका. रात्रीही रुग्णाला हलवण्याची सोय आहे का, हेही त्याच पत्रात विचारावे.

प्रश्न : मी स्कूबा डायव्हिंग करतो, पत्नीला पोहता येत नाही. दोघांनाही आनंद वाटेल अशी जागा असते का?

उत्तर : असते, पण ती डायव्हरांच्या यादीतील पहिल्या क्रमांकाची जागा बहुधा नसते. मालदीवमधील नामांकित ठिकाणे, म्हणजे अटॉलच्या कडेतील खिंडी, ज्यांना तिथे कंडू म्हणतात, आणि पाण्याखालचे सुळके, म्हणजे थिला, बोटीने जाऊन आणि जोरदार प्रवाहात उतरून पाहायची असतात. रोज सकाळी तुम्ही बोटीत आणि पत्नी एकटी किनाऱ्यावर, असे पाच दिवस चालले तर तक्रार करण्याचा हक्क तिचा आहे. म्हणून हाउस रीफ चांगली असलेले बेट शोधा. सकाळी धक्क्यावरून उतरून तुम्ही तासाभरात परत याल, आणि दुपारी पत्नीला तरंगायचे जॅकेट घालून, प्रशिक्षकाचा हात धरून, छातीएवढ्या पाण्यात मुखवटा लावून नुसते तोंड बुडवायला शिकता येईल. पोहता न येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा श्वास सुरू ठेवून पाण्याखाली डोळे उघडता येतात, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा बदल मी अनेकदा पाहिला आहे. तो पाहण्यासाठी तुम्ही एक डाइव्ह जरूर सोडावी.

दोघांना एकत्र पाहता येईल असे एक ठिकाण म्हणजे बा अटॉलमधील हनिफारू. २०११ साली बा अटॉलला युनेस्कोने संरक्षित जैवावरणाचा दर्जा दिला. हनिफारूच्या खाडीत हवेच्या टाक्या घेऊन बुडी मारायला बंदी आहे, केवळ स्नॉर्कलिंग, म्हणजे मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत पाहणे, करता येते. साधारण जून ते ऑक्टोबर या महिन्यांत, प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, थवा आत ओढला गेला की मांटा रे नावाचे महाकाय मासे तोंड उघडून वर्तुळाकार फिरू लागतात. मात्र तिथले पाणी खोल असते, तेव्हा पत्नीचा पाण्यावर आधी पुरेसा विश्वास बसलेला असावा. बसला नसेल तर तिने बोटीतूनच पाहावे.

तुमच्यासाठी एक नियम. अनेक दिवस डायव्हिंग केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा वैद्यकीय सल्ला आहे. परतीच्या सीप्लेनलाही हाच नियम लावा आणि शेवटचा पूर्ण दिवस पत्नीसोबत किनाऱ्यावर घालवा.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते. जोडप्यांच्या गर्दीत एकटीने जेवायला बसणे नको वाटते. मग कुठे जावे?

उत्तर : सेशेल्समधील ला दिग. प्रालँ बेटावरून बोटीने पंधरा मिनिटांत पोहोचता येते, तिथे मोटारी फारच थोड्या आहेत आणि बहुतेक लोक सायकलने फिरतात. मुक्काम छोट्या अतिथिगृहात करावा. भाड्याची सायकल घेऊन प्रचंड गुलाबी खडकांमधल्या किनाऱ्यावर सकाळी लवकर जावे, म्हणजे दुपारची गर्दी लागत नाही. तिथे एकटे असणे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मालदीवचीच ओढ असेल, तर २००९ नंतर तिथल्या वस्तीच्या बेटांवरही अतिथिगृहे सुरू झाली आहेत. ती रिसॉर्टपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात आणि गावातल्या माणसांशी बोलणे होते. मात्र या बेटांवर मद्याला बंदी आहे, आणि पोहण्याचे तोकडे कपडे पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यावरच घालता येतात. बाकी गावात अंगभर कपडे घालावेत. हे नियम जाचक वाटणार असतील तर जाऊ नये, आणि गेल्यावर ते मनापासून पाळावेत.

प्रश्न : केवळ नाश्ता, नाश्ता आणि रात्रीचे जेवण, तिन्ही जेवणे, की सर्वसमावेशक? कोणता पर्याय घ्यावा?

उत्तर : बेटावर एकच रिसॉर्ट असेल, तर किमान नाश्ता आणि रात्रीचे जेवण आधीच ठरवून घ्यावे, कारण तिथे दुसरा पर्याय नाही आणि प्रत्येक पदार्थ बोटीने आलेला असल्याने सुटा घेतल्यास फार महाग पडतो. मोठ्या बेटावर मात्र केवळ नाश्ता पुरे. रोज बांधलेल्या जेवणासाठी परत यायचे असेल तर फिरण्याचा दिवस कापला जातो. सर्वसमावेशक पर्याय मद्य घेणाऱ्यांना आणि दिवसभर काहीबाही मागणाऱ्या मुलांच्या पालकांना परवडतो, इतरांना क्वचितच. निवडताना पेयजल धरले आहे का, स्नॉर्कलिंगचे साहित्य फुकट आहे का, आणि विमानतळापासूनची बोट किंवा सीप्लेन दरात आहे का, हे तपासावे. ही शेवटची रक्कम अनेकांना एक-दोन रात्रींच्या भाड्याइतकी पडते. दरापुढे दोन अधिकचिन्हे छापलेली असतील, तर सेवाशुल्क आणि कर त्यावर वेगळे लागतील, असे समजावे आणि अंतिम आकडा लेखी मागून मगच पैसे भरावेत.